मागच्या रांगेतला हीरो

बॉस, एक छोटीशी टेस्ट. तुमच्या सगळ्यात आवडत्या गाण्यातला बेस गिटारचा पीस गुणगुणून दाखवा. नाही ना आठवत? शब्द आठवतात, गिटारचा सोलो आठवतो, ड्रम्सवर तर आपण सिग्नलला स्टिअरिंग बडवतो. बेसचं मात्र कुणी नाव घेत नाही. तो नसला की गाणं पोकळ वाटतं, एवढंच. ऑफिसातही असा एक जण असतो. कदाचित तुम्हीच असाल.

मी होते. पहिल्या नोकरीत रात्रभर जागून एक स्टोरी लिहिली. सकाळी ती छापून आली सीनिअरच्या नावाने! जाम डोकं फिरलं होतं. तेव्हाच एका मित्राने एक अल्बम ऐकवला. नाव फक्त ‘जाको पास्टोरियस’.

जाको हा फ्लोरिडाचा बेस गिटारिस्ट. ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ या बँडचा ड्रमर बॉबी कोलंबी याने त्याला ऐकलं आणि अल्बम प्रोड्यूस केला. १९७६ मध्ये अल्बम आला तेव्हा जाको होता अवघा २४ वर्षांचा. त्याने बेस गिटार वापरली बिनपडद्यांची. पडदे नसले की सूर सरोदसारखा घसरत जातो, त्यात मींड येते. बेस चक्क गाऊ लागतो!

पहिलाच ट्रॅक ‘डोना ली’. सॅक्सोफोनवाल्यांनाही घाम फोडणारी ही जुनी, सुसाट बीबॉप धून जाकोने बेसवर वाजवली. साथीला फक्त डॉन एलायसचे काँगा. बाकी कुणी नाही. ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’मध्ये तर एकटा बेस. तारेला बोट नुसतं टेकवून काढलेले हार्मोनिक्स घंटेसारखे किणकिणतात. ट्रेसी म्हणजे त्याची बायको.

पण मला खरा फंडा कळला दुसऱ्या ट्रॅकवर. ‘कम ऑन, कम ओव्हर’मध्ये गायला आहेत सॅम अँड डेव्ह, ही सोलवाली जोडी. आणि आत्ताच सगळ्यांना गार करून आलेला आपला हीरो? मुकाट मागच्या रांगेत! गाणं पुढे ढकलतोय आणि धमाल एन्जॉय करतोय. शेवटच्या ‘फरगॉटन लव्ह’मध्ये तर सूत्रं हर्बी हॅनकॉकच्या पिआनोकडे आणि व्हायोलिन्सकडे. अल्बमवर नाव स्वतःचं, तरी प्रत्येक वेळी आपणच पुढे पाहिजे असा हट्ट नाही.

ही गोष्ट पुढे गोड नाही. ‘वेदर रिपोर्ट’बरोबर जाको स्टार झाला. मग बायपोलर डिसऑर्डर, दारू, रस्त्यावरचे दिवस. १९८७ मध्ये एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीनंतर तो गेला. वय ३५. यात ‘वेडा जीनिअस’ वगैरे रोमँटिक काही शोधू नका. तो आजारी होता. आपल्या शेजारच्या क्युबिकलमधलं कुणी अचानक विचित्र वागू लागलं, तर गॉसिपऐवजी आधी विचारपूस करा.

आणि माझी बायलाइन? दुसऱ्या दिवशी एडिटरकडे गेले, शांतपणे सांगितलं. पुढच्या स्टोरीवर माझं नाव आलं. त्यानंतर कितीतरी स्टोऱ्यांमध्ये मी मागे राहून काम केलंय, अगदी खुशीने. नाव मागायचं कधी आणि साथ द्यायची कधी, एवढं कळलं की झालं.

एक रिक्वेस्ट. हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून बेस नीट येतच नाही. बरे हेडफोन्स लावा, डोळे मिटा. आणि मागच्या रांगेकडे कान द्या.