दान, गुप्तदान आणि रोखे

आमच्याकडे, घुग्घुसला, गणेशोत्सवाची वर्गणी देणाऱ्याला पावती मिळते. देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे देणाऱ्याचे नाव भिंतीतल्या फरशीवर कोरले जाते. भागवत सप्ताहाच्या शेवटी महाप्रसादाच्या देणगीदारांची यादी ध्वनिक्षेपकावरून वाचली जाते आणि एखादे नाव राहिले तर त्यावरून रुसवेफुगवेही होतात. सुशिक्षितांना हा प्रकार थोडा हास्यास्पद वाटतो. मात्र त्यात सार्वजनिक जीवनाचा एक जुना संकेत पाळला जात असतो: चारचौघांच्या कामासाठी घेतलेल्या पैशाला नाव असले पाहिजे.

हा संकेत मराठी लेखनाइतकाच जुना आहे. साहित्याच्या अभ्यासकांना पंढरपूरचा ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ ठाऊक असतो. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ या काळातला हा लेख विठ्ठलमंदिराला दान देणाऱ्यांची नामावली आहे. त्यात रामदेवराव यादव आहे, हेमाद्री पंडित आहे आणि इतिहासाला अन्यथा अपरिचित राहिली असती अशी माणसेही आहेत. आपण त्याच्याकडे भाषेचा नमुना म्हणून पाहतो. तो हिशेबाचा नमुनाही आहे, हे सहसा आपल्या लक्षात येत नाही.

गुप्तदानाला आपल्या परंपरेत श्रेष्ठ मानले आहे, असा आक्षेप यावर कुणी घेईल. तो खराच आहे. पण गुप्तदानाचे श्रेष्ठत्व घेणाऱ्यालाही देणारा कळू नये, यात आहे. देणाऱ्याला परतफेडीची वाटच उरत नाही. घेणाऱ्याला दाता पक्का ठाऊक आहे आणि बाकी साऱ्या गावाला तो कळू नये अशी व्यवस्था असेल, तर त्या व्यवहाराला दान हा शब्द लावता येणार नाही.

२०१७च्या वित्त कायद्याने आणलेल्या आणि जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या निवडणूक रोख्यांच्या योजनेत नेमके हेच घडले. स्टेट बँकेतून रोखा विकत घ्यायचा आणि पंधरा दिवसांत पक्षाने तो वटवायचा. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत. मतदाराला मात्र दोघांतला संबंध कळण्याची सोय नव्हती. त्याच कायद्याने कंपन्यांच्या देणग्यांवरची, सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली. रोखे हजार रुपयांपासून होते, तरी विकल्या गेलेल्या रकमेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एक कोटीच्या रोख्यांचा होता. सामान्य हितचिंतकांचा हा पैसा नव्हे, हे त्यावरून उघड होते.

योजनेच्या बाजूने एक युक्तिवाद होता आणि तो क्षुल्लक नव्हता. रोखीचा काळा पैसा बँकेत यावा, आणि एका पक्षाला दिले म्हणून दुसऱ्याने सूड उगवू नये, यासाठी नाव झाकावे, असे सरकारचे म्हणणे होते. मतदान गुप्त असते, मग देणगी का नसावी? याचे उत्तर सत्तेच्या तोलात आहे. गुप्त मतदान दुर्बळाला बलवानापासून वाचवते. शेतमजुराने कुणाला मत दिले हे मालकाला कळू नये म्हणून ते आहे. गुप्त देणगी बलवानाला दुर्बळाच्या प्रश्नांपासून वाचवते. शिवाय रोखे स्टेट बँकेकडे नोंदलेले असल्याने सूड उगवू शकणाऱ्या सत्तेपासून नाव खरोखर लपत होते, असेही म्हणता येत नाही.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने ती नाकारताच माहिती काही दिवसांत बाहेर आली. निम्म्याच्या आसपास रक्कम केंद्रातल्या सत्ताधारी भाजपकडे गेली होती. राज्याराज्यांत सत्ता उपभोगणाऱ्या तृणमूल, भारत राष्ट्र समिती, बिजू जनता दल अशा पक्षांनाही मोठ्या रकमा मिळाल्या होत्या. पैसा विचारसरणीपेक्षा खुर्चीच्या मागे जातो, एवढे त्या यादीतून वाचता येते.

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. १९८१ मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला बांधकाम व्यावसायिकांनी दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेले नियंत्रित सिमेंट यांचा संबंध वृत्तपत्रांतून उघड झाला. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर अंतुल्यांना पद सोडावे लागले. तेथे देणगीदारांची नावे आणि सिमेंटच्या वाटपाचे कागद शेजारी ठेवून पाहता आले, म्हणून तो निकाल शक्य झाला.

घुग्घुसला हा विषय दिल्लीपुरता वाटत नाही. येथे कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंट आणि लोहपोलादाचे कारखाने आहेत. खाणीचा पट्टा, वनजमिनीची मंजुरी, नदीच्या पाण्याचा वाटा, भूसंपादनाचा मोबदला, या सगळ्याचा निर्णय सरकार करते. कोळसा खाणपट्ट्यांच्या वाटपाचा प्रश्न लावून धरणाऱ्यांत चंद्रपूरचे तेव्हाचे खासदार हंसराज अहिर होते. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २१४ वाटपे रद्द केली. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातले एक घर पाहता पाहता जमिनीत गेले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. माणसे वाचली, आसपासच्या कुटुंबांना घरे सोडावी लागली. या घटनेमागे कुणाची देणगी होती, असे मला सुचवायचे नाही. ज्यांच्या पायाखालची जमीन अशा निर्णयांवर उभी आहे, त्यांना निर्णय घेणाऱ्यांचा खर्च कोण चालवतो हे विचारण्याचा हक्क आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

निकालाने प्रश्न संपलेला नाही. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव पक्षाला आजही कळवावे लागत नाही. विधानसभेच्या उमेदवाराला चाळीस लाखांची खर्चमर्यादा आहे. पक्षाला कसलीच नाही. रोख्यांतल्या देवघेवीच्या चौकशीसाठी विशेष पथक नेमण्यास न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये नकार दिला.

आणि आपले काय? २०१२चे अखिल भारतीय साहित्य संमेलन चंद्रपूरला झाले, वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. कुठल्याही संमेलनाला जाताना मांडवाचा पैसा कोणाचा, हे विचारणे आपल्याला असभ्य वाटते. राजकारणाकडे हिशेब मागण्याआधी ही सवय आपल्या संस्थांत लावून घ्यावी लागेल. पुढच्या वेळी स्मरणिका हाती आली, की अध्यक्षीय भाषणाबरोबर देणगीदारांची पानेही वाचावीत. ती पाने नसतील, तर का नाहीत, हे संयोजकांना विचारावे.