फिल्टर लावून टाकू!

मंडळी, आपल्या धंद्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य कुठलं? "नॉइज आहे ना? मग फिल्टर लावून टाकू!" बोलायला दोन सेकंद, पायथनमध्ये लिहायला दोन ओळी. मला या वाक्याचा मनस्वी राग आहे. आज तो हिंगोली जिल्ह्याच्या निमित्ताने काढतो.

औंढा नागनाथ म्हटलं की ज्योतिर्लिंग आठवतं. त्याच परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. एल आकाराच्या दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. लहर येते तेव्हा ही लांबी बदलते ती प्रोटॉनच्या व्यासाच्याही शेकडो पटींनी लहान अंतराने! हा विषय निघाला की शहरातला एखादा हुशार हमखास विचारतो, "एवढ्या लांब कशाला? आयुका पुण्यात आहे, तिथेच कुठेतरी बांधा. ट्रॅफिकचा आवाज काय, बँडपास लावला की गेला."

नाही जात, राव. का ते सांगतो.

बँडपास फिल्टर म्हणजे सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन. ठरलेल्या पट्ट्यातल्या फ्रिक्वेन्सी आत, बाकीच्या बाहेर. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिली लहर पकडली. तिचा तो प्रसिद्ध आलेख काढताना ३५ ते ३५० हर्ट्झचा बँडपास लावला होता, शिवाय यंत्राच्या स्वतःच्या ठरावीक रेषा काढायला वेगळे फिल्टर. म्हणजे फिल्टर हवाच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची याचा.

पहिली गोष्ट, वॉचमन फक्त गणवेश बघतो. पट्ट्याच्या आतच पडणारा नॉइज त्याला ओळखू येत नाही. हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ मध्ये ९० हर्ट्झच्या आसपास ठोके दिसायला लागले. शोध घेतला तर थंड पाइपवर साचलेल्या बर्फावर डोमकावळे चोची मारत होते! ९० हर्ट्झ म्हणजे ऐन पट्ट्यात. अशा वेळी इलाज पाइपवर करायचा असतो, कोडमध्ये नाही.

दुसरी गोष्ट. "मग फिल्टर अजून धारदार करू." करा की! पण अरुंद फिल्टर घंटेसारखा असतो, टोला संपला तरी वाजत राहतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ती काढायला १ हर्ट्झ रुंदीचा साधा नॉच लावला तर त्याचा नाद विरायला सुमारे ०.३ सेकंदाचा कालांक. २०१५ ची ती लहर पट्ट्यात दिसली जेमतेम ०.२ सेकंद. वर आपली ग्रिड ५० वर गप्प थोडीच बसते? नियमानेच तिला ४९.९० ते ५०.०५ ची मोकळीक आहे, आणि पाचव्या हार्मोनिकला हे भटकणं पाचपट होतं. नॉच रुंद केला तर सिग्नलही खातो, अरुंद ठेवला तर चोर बाजूने निसटतो. म्हणून शहाणी माणसं वीजपुरवठ्याचा सिग्नल वेगळा मोजतात आणि त्याचा वाटा डेटातून वजा करतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. फिल्टरचं गणित तेव्हाच खरं, जेव्हा त्याच्या आधीचं सगळं लिनियर असतं. लिव्हिंग्स्टनला आजूबाजूच्या जंगलात झाडं तोडली जायची, जवळून रेल्वे जायची. जमीन हलायची ती १ ते ३ हर्ट्झने, पट्ट्याच्या कितीतरी खाली. कागदावर बँडपासने ती साफ उडवायला हवी. प्रत्यक्षात दिवसा यंत्राचा लॉकच टिकेना. लॉक सुटला की सिग्नलच नाही, मग फिल्टर कशाला लावणार, कपाळाला? शेवटी यंत्राखाली जमिनीची हालचाल मोजून उलट ढकलणारी यंत्रणा बसवावी लागली. आपल्या साध्या ॲम्प्लिफायरचंही तेच. पट्ट्याबाहेरचा दणकट सिग्नल त्याला क्लिप करतो, आणि क्लिपिंगचे तुकडे थेट पट्ट्यात येऊन पडतात.

म्हणून लायगोतला भारी फिल्टर लोंबकळतो! ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकाला टांगलेले असतात. त्यांच्या स्वतःच्या झोक्यांच्या बऱ्याच वर, फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की आरशापर्यंत पोचणारा हादरा २५६ पटींनी कमी होतो. आणि त्याच्याही आधीचा फिल्टर म्हणजे जागा. हिंगोलीची शांतता ही त्या यंत्राची पहिली स्टेज आहे, आणि ती कुठल्याही दुकानात विकत मिळत नाही.

आता रास्त प्रश्न. "म्हणजे यंत्रासाठी हिंगोलीने मागासच राहायचं का?" अजिबात नाही! बँडपास म्हणजे सगळंच बंद करणं नव्हे, काय आत आणि काय बाहेर ते ठरवणं. शाळा, दवाखाना, इलेक्ट्रॉनिक्सचं प्रशिक्षण यांनी जमीन हादरत नाही. खाणीतले सुरुंग, खडी क्रशर, अवजड वाहनांचे रस्ते यांनी हादरते. कुठली गोष्ट किती अंतरावर, हे भुजा उभ्या राहण्याआधी ठरवायला हवं, तेही तिथल्या लोकांना विचारून. ज्याच्या क्रशरला परवानगी नाकारली जाईल त्याला दुसरं काय देणार, याचं उत्तर त्याच बैठकीत हवं. शांतता औंढ्याच्या माणसाने सांभाळायची आणि शोधाची बातमी वाचून अभिमानाने छाती आपण फुगवायची, हा सौदा मला तरी मान्य नाही.

असो. सोमवारी मीटिंगमध्ये कोणी "फिल्टर लावून टाकू" म्हणालं, तर एवढंच विचारा: नॉइज येतोय कुठून, आणि तिथे जाऊन कोणी बघितलंय का?