पोळ्याची अमावास्या, अधिक मास आणि कपाशीवरील फवारणी

विदर्भ आणि मराठवाड्याच्या कापूसपट्ट्यात पोळ्याच्या अमावास्येला फवारणीच्या नियोजनात मानाचे स्थान आहे. काळोख्या रात्री पतंग अधिक प्रमाणात अंडी घालतात, म्हणून या अमावास्येच्या आगेमागे बोंडअळीसाठी फवारणी करावी, असा समज अनेक शेतकरी कुटुंबांत रूढ आहे. या समजाची टर उडवणे योग्य नाही, कारण त्याच्या मुळाशी रात्रीच्या काळोखाचे आणि पतंगांच्या हालचालींचे निरीक्षण आहे. तथापि एका विशिष्ट सणाच्या अमावास्येवर विसंबून राहणे कपाशीला महागात पडू शकते. त्याचे कारण कीटकशास्त्रापेक्षा पंचांगाच्या गणितात अधिक आहे.

पोळा 2022 मध्ये 26 ऑगस्टला, 2023 मध्ये 14 सप्टेंबरला, 2024 मध्ये 2 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 22 ऑगस्टला आला. दरवर्षी 15 जूनला पेरणी झाली असे धरले, तर 2022 च्या पोळ्याला कपाशी 72 दिवसांची होती आणि 2023 च्या पोळ्याला 91 दिवसांची. एकोणीस दिवसांच्या या अंतरात पीक पाते-फुलांकडून हिरव्या बोंडांकडे सरकते. गुलाबी बोंडअळीची नवजात अळी अल्पावधीतच फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते आणि आत गेलेल्या अळीपर्यंत फवाऱ्याचे द्रावण पोहोचत नाही. सण तोच, तिथी तीच; परंतु किडीच्या दृष्टीने हंगाम पुढे गेलेला असतो.

अधिक मासाचे गणित

चांद्रमास सरासरी 29.53 दिवसांचा असतो. असे बारा महिने मिळून सुमारे 354 दिवस होतात, तर सौर वर्ष 365 दिवसांहून किंचित मोठे असते. दरवर्षी सुमारे अकरा दिवसांची ही तूट भरून काढली नाही, तर श्रावण हळूहळू उन्हाळ्यात आणि पुढे हिवाळ्यात जाईल. ही तूट साधारण साडेबत्तीस महिन्यांत एका चांद्रमासाएवढी होते आणि तेव्हा एक महिना वाढवला जातो. एकोणीस वर्षांत असे सात अधिक मास येतात.

कोणता महिना अधिक मानावा, याचा नियम काटेकोर आहे. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही, तो अधिक मास. 2026 मधील अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून असा आहे. वृषभ संक्रांत त्याच्या आरंभापूर्वी होते आणि मिथुन संक्रांत 15 जूनलाच, पण अमावास्या संपल्यानंतर काही तासांनी होते. तेवढ्या अंतरामुळे तो महिना अधिक ठरतो.

हे ज्ञान प्राचीन आहे. वेदांग ज्योतिषात पाच सौर वर्षांच्या युगात दोन अधिक मास धरले आहेत. पुढे आर्यभटाने 43,20,000 वर्षांच्या महायुगात 15,93,336 अधिक मास मोजले. धोंड्याच्या महिन्यातील अनारसे आणि जावयाचा मान यांमागे खगोलगणिताची अशी दीर्घ परंपरा उभी आहे, हे नव्या पिढीला सांगायला हवे.

या गणिताची मर्यादाही स्पष्ट आहे. अधिक मासामुळे सण ऋतूंपासून तुटत नाहीत, परंतु ते ऋतूत एकाच जागी स्थिर राहत नाहीत. दरवर्षी अकरा दिवस मागे सरकणे आणि अधिक मासानंतर सुमारे एकोणीस दिवस पुढे जाणे, असा त्यांचा क्रम असतो. सणांना हा फरक चालतो. कपाशीच्या कोवळ्या बोंडाला चालत नाही.

शेतीची कालगणना सूर्याची

परंपरेने शेतीची सगळी कामे तिथीवर सोपवली होती, हा समजच मुळात अपुरा आहे. पेरणीचा विचार शेतकरी मृग, आर्द्रा, पुनर्वसू या पावसाच्या नक्षत्रांवर करत आला. ही नक्षत्रे सूर्याच्या स्थानावरून ठरतात. सूर्याचा मृगप्रवेश 7 किंवा 8 जूनला होतो, मग तो ज्येष्ठ निज असो वा अधिक. प्रत्येक नक्षत्र साडेतेरा दिवसांच्या आसपास टिकते. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील सुहूर सनही सूर्याच्या मृगप्रवेशापासून सुरू होत असे. म्हणूनच त्याला मृगसाल म्हणत. राज्यकारभाराचे वर्ष खरिपाच्या आरंभाशी बांधलेले होते.

अन्य प्रांतांतही हेच दिसते. केरळात सूर्याच्या नक्षत्रप्रवेशानुसार 'न्याट्टुवेला' मोजतात आणि आर्द्रेच्या, म्हणजे तिरुवातिरेच्या काळात मिरीचे वेल लावतात. बिहारमध्ये भाताची रोपवाटिका टाकण्यासाठी रोहिणी नक्षत्राची वाट पाहिली जाते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार 22 मार्च 1957 पासून स्वीकारलेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही सौर आहे. तिच्यात अधिक मास नाही. सारांश, सणासाठी चंद्र आणि शेतासाठी सूर्य, ही विभागणी आपल्या परंपरेतच आहे. तिचा विसर पडणे ही खरी अडचण आहे.

काळोख आणि पतंग

चांदण्या रात्री प्रकाश सापळ्यात येणाऱ्या पतंगांची संख्या घटते, हे सर्वमान्य निरीक्षण आहे. चांदण्यात सापळ्याचा दिवा फिका पडतो. त्यामुळे सापळ्यातील घट म्हणजे शेतातील घट, असा अर्थ लावता येत नाही. शिवाय काळोख हेच कारण मानले, तर प्रत्येक अमावास्येचे महत्त्व सारखेच ठरते. 2023 मध्ये 16 ऑगस्टला अधिक श्रावण संपला. त्या अमावास्येची रात्र पोळ्याच्या रात्रीइतकीच काळोखी होती, पण तिच्याशी सण जोडलेला नव्हता. पतंगांना हा भेद ठाऊक नसतो. त्यांची वाढ तापमानावर आणि अन्नवनस्पतीच्या अवस्थेवर अवलंबून असते.

हुमणीचे उदाहरण याहून बोलके आहे. तिचे भुंगेरे वळवाच्या किंवा मोसमी पावसाच्या पहिल्या दमदार सरींनंतर जमिनीतून बाहेर येतात आणि सांजवेळी कडुनिंब, बाभळीवर गोळा होतात. जमिनीत ओल मुरली की ते निघतात. तो महिना अधिक आहे की निज, याचा येथे संबंध नाही. अधिक मासात नवे काम नको म्हणून झाडे हलवून भुंगेरे गोळा करण्याचे काम लांबणीवर टाकले, तर त्यांना अंडी घालण्यास मोकळीक मिळते.

सल्ल्याची भाषा

म्हणून कृषी विस्तार यंत्रणेने आपल्या सल्ल्याची भाषा तपासून पाहणे गरजेचे आहे. 'पोळ्याच्या सुमारास फवारणी करावी' असे वाक्य पत्रकात सोपे वाटते, पण ज्या वर्षी अधिक मास चातुर्मासापूर्वी किंवा श्रावणात येतो, त्या वर्षी ते उशिराचा सल्ला देते. 2026 मध्ये पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येत असल्याने ही दक्षता विशेष आवश्यक आहे. त्याऐवजी पेरणीनंतरचे दिवस, इंग्रजी तारीख आणि सूर्यनक्षत्र ही तिन्ही एकत्र द्यावीत. कपाशीत 45 दिवसांनंतर कामगंध सापळे लावावेत, डोमकळ्या शोधून नष्ट कराव्यात आणि सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आढळले किंवा फुले-बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव दिसला, तरच फवारणीचा निर्णय घ्यावा, हे प्रत्येक पत्रकात ठळकपणे छापावे.

नक्षत्रावरही आंधळा विश्वास नको. मृग लागला म्हणजे पाऊस आला, असे नाही. पेरणी पुरेशी ओल आणि वापसा पाहूनच करावी. नक्षत्र हंगामाची चाहूल देते, निर्णय मात्र शेतातील पाहणीनेच व्हावा.

पोळ्याच्या दिवशी बैलांना सजवावे, पुरणपोळीचा घास द्यावा. त्याच दिवशी सकाळी कपाशीत फेरी मारून वीस-पंचवीस हिरवी बोंडे फोडून पाहिली, तर सणाचा आणि पिकाचा दोहोंचा मान राखला जाईल. फवारणीची गरज आहे की नाही, हे त्या बोंडांतूनच कळेल.