वस्तादावाचून मल्लविद्या

कोल्हापूरच्या मुलास कुस्तीचे वेड असावे, यात नवल ते काय! राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने ज्या नगरीत १९१२ साली खासबागेचे विशाल मैदान मल्लांसाठी खुले झाले, जेथे पेठापेठांतून तालमी उभ्या आहेत, तेथील मुलांच्या अंगी ही हौस नसती तरच आश्चर्य वाटले असते. परंतु अलीकडे या हौसेने एक निराळीच वाट धरली आहे. तालमीची पायरी न चढता, मोबाइलच्या पडद्यावर डावपेच पाहून आमची मुले गच्चीवर नाहीतर पटांगणात मल्लविद्येचे धडे घेऊ लागली आहेत. "सर, सर्व काही त्यात दिसते, मग वस्ताद कशाला?" असे एका विद्यार्थ्याने मला विचारले. प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून त्याचे उत्तर विचारपूर्वक देणे मला भाग आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, स्वतःच्या मेहनतीवाचून कोणतीही विद्या साध्य होत नाही. पहाटे उठून धावणे, जोर काढणे, बैठका मारणे ही कामे शिष्यालाच करावी लागतात. त्याच्या वतीने ती वस्ताद करीत नाहीत. पडद्यावर नामांकित मल्लांच्या लढती पाहिल्याने डावांची ओळख होते आणि उत्साहही वाढतो. तेव्हा आपण होऊन धडपडणाऱ्या मुलाचा मी उपहास करणार नाही. परंतु शरीर कमावणे ही एक गोष्ट आणि दुसऱ्याच्या शरीरावर डाव टाकणे ही दुसरी गोष्ट होय.

हा भेद मला एका दुःखद प्रसंगाने शिकविला. काही वर्षांपूर्वी मधल्या सुटीत आठवीतील एका मुलाने पडद्यावर पाहिलेली मानेची पकड आपल्या जिवलग मित्रावर घातली. मित्राने सुटकेसाठी जमिनीवर हात आपटले. आपण जिंकत आहो अशा समजुतीने याने पकड अधिकच आवळली! आम्ही धावलो म्हणून अनर्थ टळला. तथापि तो मित्र पंधरा दिवस मान दुखावून घरी पडून होता. पकड घालणारा मुलगा दुष्ट नव्हता. मित्राच्या उशाशी बसून तोच सर्वांत अधिक रडला. पकड कशी घालावी हे त्याने शंभर वेळा पाहिले होते. ती केव्हा सोडावी हे मात्र त्यास कोणीच शिकविले नव्हते.

तालमीत नवा मुलगा गेला की त्यास पहिल्याच दिवशी डाव शिकविला जात नाही. हौद्यातील लाल माती खोऱ्याने उकरणे, जोर, बैठका यांत बरेच दिवस जातात. उतावळ्या मुलास हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु याच दिवसांत त्याची मान, कंबर व गुडघे पडण्याचा आघात सोसण्यास तयार होत असतात. पुढे जोडीदाराशी सराव सुरू झाला म्हणजे वस्ताद कडेला उभे राहून पाहतात. टाच कोठे चुकली, कंबर कोठे उंच राहिली, हे लढणाऱ्यास स्वतःला दिसत नाही. ते त्यांना दिसते. आणि त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, सरावातील जोडीदार हा शत्रू नव्हे, त्यास सांभाळून टाकावे, ही शिस्त ते लावतात. आमच्या मर्दानी खेळांत दांडपट्ट्याने हातावरील लिंबू कापून दाखवितात. पडद्यावर पाहून पट्टा शिकलेल्या मुलापुढे आपला तळहात धरण्यास कोण तयार होईल?

खऱ्या प्रतिस्पर्ध्याची गाठ पडल्याशिवाय आपली उणीव कळत नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे येथील राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. कुस्तीचे पहिले धडे त्यांना पहिलवान वडिलांकडून मिळाले होते. तरीही १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेत मातीत वाढलेल्या या मल्लास मॅटचा आखाडा व तेथील नियम नवे होते. त्यांचा सहावा क्रमांक आला. पुढे चार वर्षे मेहनत करून १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात लाभलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. एकट्याच्या पराक्रमामागेही किती जणांचे हात असतात, हे यावरून ध्यानात यावे.

पवित्र शास्त्राच्या तासाला एका चतुर मुलाने मला अडविले, "सर, दाविदाला कोठे वस्ताद होता?" शंका मार्मिक आहे. परंतु दाविदाची गोफण एका रात्रीत चाललेली नाही. मेंढरे राखताना सिंह व अस्वल यांच्याशी त्याची गाठ पडली होती. शिवाय शौल राजाने आपले चिलखत त्यास चढविले, तेव्हा याची आपणांस सवय नाही असे सांगून त्याने ते उतरवून ठेविले. माझ्या मते पडद्यावरून उचललेला डाव हे शौलाचे चिलखत आहे. ते दुसऱ्याच्या मापाचे असते, झळाळते आणि अंगात घातल्यावर आपण वीर झालो असा भास होतो. ते उतरवून ठेवण्याइतका विवेक आपल्यात आहे काय?

आता दोन शब्द पालकांसाठी. प्रत्येक वस्ताद थोरच असतो असे मी म्हणत नाही. जो मुलांना निर्दयपणे मारतो, किंवा कोवळ्या पोरास भारी जोडीशी लढवून आपली करमणूक करून घेतो, त्याच्या हाती आपले लेकरू देऊ नका. तालमीत स्वतः जाऊन पाहा. लहान, दुर्बळ मुलास तेथे कसे वागवितात यावरून वस्तादाची पारख करा. परंतु केवळ मोबाइल हिसकावून घेतल्याने मुलाची हौस मरत नाही. ती चोरवाटेने जाते. बरीच मुले पडद्याकडे वळतात ती आळसाने नव्हे, तर त्यांना हात धरून तालमीत नेणारे कोणी नसते म्हणून. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. आज मुलीही कुस्तीचे मैदान गाजवीत आहेत, तरी पुष्कळ घरांतून मुलीस तालमीचे नाव काढण्याचीही चोरी! ज्यांना आपण दार उघडले नाही, त्यांनी खिडकीतून पाहून शिकले तर दोष त्यांना एकट्यांना कसा द्यावा?

विद्यार्थीमित्रहो, बळ स्वकष्टाने मिळेल, डाव पाहूनही कळेल. परंतु आपल्या हाती सापडलेल्या माणसास केव्हा सोडावे, हे दुसऱ्या माणसाजवळ राहूनच शिकावे लागते. ज्यास पकड सोडता येते, तोच खरा पहिलवान. ती विद्या शिकविणारा वस्ताद शोधा, आणि तो सापडला म्हणजे त्याच्या हौद्यातील माती आनंदाने उकरा.