दिवाणखान्यातला परीक्षक

रात्रीची जेवणे आटोपली आहेत, ओटा पुसून झाला आहे, उद्याच्या दुधासाठी पिशवी दाराला अडकविली आहे आणि दूरचित्रवाणी संचासमोर तीन पिढ्या येऊन बसल्या आहेत. डोंबिवली असो, सांगली असो वा नागपूरचा महाल असो, मराठी घरातले हे दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच. या घरचा कर्ता पुरुष चित्रपटाचा व्यासंगी मुळीच नव्हे. कोणत्याही महोत्सवाचे ओळखपत्र त्याने गळ्यात अडकविलेले नाही की परदेशी दिग्दर्शकांची नावे त्याच्या जिभेवर नाहीत. दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी जो लागेल तो चित्रपट त्याने वर्षानुवर्षे पाहिला. पुढे भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटी आल्या, सीडी आल्या, केबल आली आणि आता नातू जे जोडून देईल ते तो पाहतो. एखाद्या आठवड्यात ‘संत तुकाराम’, ‘दीवार’, ‘पीके’ आणि ‘बाजीराव मस्तानी’ असे परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले चार चित्रपट त्याच्या डोळ्यांखालून जातात. प्रत्येकावर त्याचे मत असते आणि सुपारी कातरता कातरता ते तो निःसंकोचपणे सांगून टाकतो.

आपल्या विचारवंतांच्या लेखी या मताची किंमत शून्य. हा प्रेक्षक रडला तर भाबडा, संतापला तर असहिष्णू आणि एखाद्या चित्रपटात त्याने हात जोडले तर अंधश्रद्ध, ही वर्गवारी कधीच ठरून गेलेली आहे. १९७५ हे वर्ष आठवावे. त्या वर्षी ‘शोले’ आला, ‘दीवार’ आला आणि अल्पस्वल्प खर्चात बनलेला ‘जय संतोषी माँ’ हाही आला. ज्या देवतेचे नावही तोवर अनेकांच्या कानी पडले नव्हते, तिच्यासाठी माणसे वहाणा बाहेर काढून चित्रपटगृहात शिरली, पडद्यावर फुले आणि नाणी उधळली गेली. विद्वज्जनांनी या घटनेची कारणे समाजाच्या मागासलेपणात शोधली. तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला तिच्या मनात काय आहे हे विचारण्याची गरज मात्र कोणाला भासली नाही. वस्तुतः भारतीय चित्रपटाचा जन्मच या ‘भाबड्या’ इच्छेतून झालेला आहे. दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपले दैवत आपल्या डोळ्यांनी पाहावे, ही ती आस होती.

असे असले तरी हा प्रेक्षक केवळ देव दिसला की विरघळणारा आहे, असे समजण्याचे कारण नाही. ‘संत तुकाराम’ हा १९३६चा प्रभातचा चित्रपट त्याने अनेकदा पाहिला आहे. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा आणि गौरीबाईंची जिजाई. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मुंबईत एकाच चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला, म्हणजे व्हेनिसच्या परीक्षकांचे आणि गिरणगावातील कामगाराचे मत एकदा तरी जुळले होते! या चित्रपटात दंभावर टीका नाही काय? सालोमालो हा ढोंगी कीर्तनकार त्यात आहे. तुकोबांचे अभंग तो स्वतःच्या नावावर खपवितो आणि शास्त्राच्या आडून त्यांचा छळ मांडतो. याहून पुढची गोष्ट म्हणजे, पोर तापाने फणफणले असता जिजाई थेट देवळात जाते आणि प्रत्यक्ष विठोबावर वहाण उगारते. १९३६ साली! वारकऱ्यांनी तो चित्रपट पाहिला, सोवळ्यातल्या आजीबाईंनी पाहिला, आणि कोणाच्या भावना दुखावल्या नाहीत. कारण जिजाई विठोबाच्या घरची होती. नवऱ्याला वेड लावणाऱ्या, संसार उघड्यावर आणणाऱ्या त्या काळ्याशी ती भांडते ती भावजयीने दिराशी भांडावे तशी. तिच्या संतापातही त्याचे असणे गृहीत आहे.

आता ‘पीके’ घ्या. २०१४ साली हा चित्रपट आला तेव्हा त्यावर उठलेल्या वादात दोन्ही बाजूंनी बराच धुरळा उडाला. शंकराचा वेष घेतलेल्या नटाला शौचालयात कोंडीत पकडण्याचा प्रसंग अनेकांना खटकला. तर समीक्षकांनी हा आक्षेप घेणाऱ्यांना विनोदबुद्धीच नसल्याचा निर्वाळा दिला. गृहस्थाने तो घरी पाहिला, काही ठिकाणी मनमुराद हसलाही. भोंदू बाबांचा बुरखा फाडण्यास त्याची हरकत असण्याचे कारणच नव्हते. सालोमालो त्याने लहानपणीच पाहिला आहे. पण चित्रपट संपल्यावर तो एवढेच म्हणाला, “हा आपल्याकडचा नव्हे.” आणि खरोखरच तो नव्हता, कथेचा नायक परग्रहावरून आलेला आहे! चर्चमध्ये नारळ फोडणारा आणि मशिदीकडे मद्य घेऊन निघालेला पीकेही त्यात आहे असे समर्थक सांगतात, आणि ते खोटे नाही. पण ते प्रसंग क्षणात येतात आणि क्षणात जातात. तपस्वी महाराज मात्र शेवटपर्यंत पडद्यावर ठाण मांडून असतात. त्या देवळांत रोज लक्षावधी माणसे का जातात, तिथून परतताना कोणता धीर घेऊन येतात, हे त्या परग्रहवासीयाला एकदाही दिसत नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी ‘ओ माय गॉड’ आला होता. त्यातला कानजी तर देवावर थेट खटलाच भरतो. तरीही घराघरांत तो चित्रपट आवडीने पाहिला गेला, कारण तिथे नास्तिकाच्या पाठीशी प्रत्यक्ष कृष्णच उभा राहतो. देवाशी भांडण दोन्हीकडे आहे. एका ठिकाणी देवाला बोलू दिले आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याला खोलीबाहेर काढून त्याच्याविषयी बोलले गेले आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘पीके’च्या वादात नटाचा धर्म पुढे करणाऱ्यांनी मूळ मुद्द्याची हानीच केली. ‘बैजू बावरा’ (१९५२) मधील हरिदर्शनाची तळमळ सांगणारे भजन शकील बदायुनींनी लिहिले, नौशादांनी स्वरबद्ध केले आणि महंमद रफींनी गायिले. ते भजन आजही सकाळच्या प्रहरी देवघरात ऐकले जाते आणि ते ऐकताना कोणी जन्मदाखला मागत नाही. दूरदर्शनवरील ‘महाभारता’चे संवाद डॉ. राही मासूम रझांच्या लेखणीतून उतरले. घरचा कोण हे आडनावावरून ठरत नाही, आणि या देशाच्या संस्कृतीला आपले मानणाऱ्या कोणालाही दिवाणखान्यात आडकाठी नाही. त्याचप्रमाणे ते विचारधारेवरूनही ठरत नाही. ‘श्यामची आई’ साने गुरुजींची आणि चित्रपट आचार्य अत्र्यांचा. दोघांपैकी एकाचीही संघविचारांशी जवळीक नव्हती. तरी १९५३ पासून आजतागायत किती शाखांतील स्वयंसेवकांच्या घरी त्या चित्रपटावर डोळे पुसले गेले असतील, याची गणती कोण करणार?

‘दीवार’विषयी तर आपल्याच मंडळींचे कान धरावे लागतील. विजय देवळाच्या पायरीपलीकडे जात नाही, प्रसाद घेत नाही, पण ७८६ क्रमांकाचा बिल्ला मात्र छातीशी बाळगतो आणि तोच त्याला वाचवितो, एवढाच निरोप मोबाइलवरून वर्षानुवर्षे फिरतो आहे. निरोपातले वाक्य खोटे नाही. ते अर्धे आहे. ज्याने तो चित्रपट घरी बसून अखेरपर्यंत पाहिला आहे, त्याला ठाऊक आहे की आईच्या जिवासाठी तोच विजय शंकराच्या मूर्तीपुढे उभा राहून हिशेब मागतो, तो बिल्ला ऐन वेळी हातातून निसटतो आणि गोळी लागलेला मुलगा शेवटी येऊन कोसळतो तो देवळात, आईच्या मांडीवर. वर्षानुवर्षे रुसलेला मुलगा मरायला घरी येतो, ही ‘दीवार’ची कथा आहे, आणि ती सलीम-जावेद यांनी लिहिली आहे. ज्यांनी केवळ निरोप वाचला ते चिडले. ज्यांनी चित्रपट पाहिला त्या घरातल्या बायका रडल्या. चित्रपट न पाहता त्यावर बंदी मागणाऱ्या आणि चित्रपट न पाहता त्याचा गौरव करणाऱ्या, अशा दोन्ही जमातींची आपल्याकडे रेलचेल आहे. त्यांच्यापेक्षा सुपारी कातरणारा तो गृहस्थ अधिक प्रामाणिक म्हटला पाहिजे.

‘बाजीराव मस्तानी’च्या वेळी मात्र घरात निराळाच परीक्षक बोलला. २०१५ साली आलेल्या या चित्रपटाच्या डोळे दिपविणाऱ्या महालांची बरीच वाहवा झाली, पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेपही नोंदविले. घरी तो लागला तेव्हा ‘पिंगा’ सुरू होताच कोपऱ्यात वाती वळणाऱ्या आजी थबकल्या. मंगळागौर जागविण्यात त्यांची उमर गेलेली. “पिंगा असा घालतात होय?” एवढाच प्रश्न त्यांनी विचारला आणि पुन्हा वाती वळू लागल्या. कोट्यवधी रुपयांच्या त्या दृश्याचे याहून नेमके परीक्षण कोणत्या वृत्तपत्रात आले होते? ज्या खेळात दम लागेपर्यंत फुंकर घालीत, वाकून, एकमेकींना चिडवीत बायका रात्र काढतात, त्याचे तिथे कवायती नृत्य झाले होते. या चित्रपटाचा आधार ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही मराठी कादंबरी, म्हणजे कथा घरचीच. परंतु पडद्यावर जाताना तिच्यातले घरपण गळून पडले. १७२८च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाला पाणी पाजणारा, ज्या मोहिमेची थोरवी फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनीही गायिली, तो सेनापती प्रामुख्याने प्रेमाने वेडा झालेला दाखविण्यात आला. रावेरखेडीला १७४० साली वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच त्याने देह ठेवला तो आणखी एका मोहिमेच्या वाटेवर, हे चित्रपट पाहून किती मुलांच्या लक्षात राहिले असेल?

येथवर ज्यांनी समाधानाने मान डोलावली असेल, त्यांनी क्षणभर थांबावे. अलीकडे ‘तान्हाजी’ (२०२०) पासून ‘छावा’ (२०२५) पर्यंत मराठ्यांच्या पराक्रमावर चित्रपटांची रांग लागली, चित्रपटगृहांत घोषणा घुमल्या, आणि ज्या पिढीला या इतिहासाची ओळख नव्हती तिला ती झाली. त्याचे श्रेय द्यावेच लागेल. तथापि हेच चित्रपट नंतर घरी, दिवे चालू असताना पाहिले की कानठळ्या तेवढ्या उरतात. मावळा म्हणजे आरोळी ठोकणारा, शत्रू म्हणजे मांस ओरबाडणारा आणि लढाई म्हणजे संथ गतीने उडणारे रक्त, एवढ्यावर स्वराज्य उभे राहिले होते काय?

मे १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना महाराजांनी धाडलेले पत्र उपलब्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि गवत आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरी शिराल, आणि मग लोक म्हणतील की यापेक्षा मोगल बरे, अशी स्पष्ट कानउघाडणी त्यात आहे. चुली कोठे पेटवाव्या, रात्री दिवा का ठेवू नये, हेसुद्धा त्यात आहे. उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, हा धोका राज्याच्या धन्याला सुचला होता! रायगडावर राज्याभिषेक होण्यास तेव्हा वर्ष उरले होते, आणि हा पुरुष उंदराचा विचार करीत होता. हा प्रसंग ज्या चित्रपटात असेल तो पाहण्यासाठी कोणता मराठी माणूस जेवण अर्धवट टाकून उठणार नाही? पण निर्मात्यांना तलवार दिसते, उंदीर दिसत नाही. गांधीहत्येनंतरच्या १९४८च्या जाळपोळीत ज्यांचा कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला, त्या भालजी पेंढारकरांनी राखेतून उठून १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ पडद्यावर आणला. आज त्यातले किल्ले पुठ्ठ्याचे वाटतात, लढाया लुटुपुटूच्या वाटतात. माणसांची बोली मात्र मावळातली वाटते. आताच्या चित्रपटांत किल्ले खरे दिसतात, बोली तेवढी उसनी असते.

आणि शेवटी एक हिशेब बाकी राहतो. सुधीर फडके यांनी लोकवर्गणीतून ‘वीर सावरकर’ हा चित्रपट सिद्ध केला. वेद राही यांनी तो दिग्दर्शित केला आणि २००१ साली, कित्येक वर्षांच्या धडपडीनंतर, तो प्रदर्शित झाला. त्यामागे कोणी धनाढ्य निर्माता नव्हता. बाबूजींनी उतारवयात हात पसरले आणि सामान्य माणसांनी त्या हातांवर पैसे ठेवले. पुढच्याच वर्षी बाबूजी गेले. चित्रपट निर्दोष आहे असे कोणी म्हणणार नाही. संवाद लांबतात, काही प्रसंग नाटकाच्या रंगमंचावरचे वाटतात, आणि गृहस्थाने हे दोष पहिल्याच वेळी सांगितले. मात्र अंदमानातील कोलूचे दृश्य आले तेव्हा त्याने नातवाच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि खाली ठेवला. नातवाने विचारले, “आजोबा, हा पिक्चर कोणी काढला?” तेव्हा आजी वातीवरून नजर न उचलता म्हणाल्या, “आम्ही. पंचवीस रुपये दिले होते यांनी.”