वरसईचे गोडसे भटजी आणि घरातला फोटो-अल्बम

१/
पेण तालुक्यातील वरसई गावचा एक भिक्षुक १८५७ साली घरावरील कर्ज फेडण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि एका युद्धाचा साक्षीदार होऊन परतला. विष्णुभट गोडसे हे त्याचे नाव. ‘माझा प्रवास’ हे त्याचे पुस्तक. सहलीवरून परतल्यावर फोनमध्ये शेकडो छायाचित्रे साठवून निश्चिंत होणाऱ्या आजच्या प्रवाशाने या पुस्तकाची कुळकथा एकदा नीट पाहावी. थ्रेड.

२/
गोडसे यांचा जन्म १८२७चा. घराणे वेदविद्येचे, स्थिती ओढगस्तीची. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा भरपूर मिळेल, अशी वार्ता कोकणात पोहोचली. काका रामभट यांच्यासह विष्णुभट निघाले. महूच्या परिसरात शिपायांच्या बंडाची बातमी कानी आली. तेथून माघारी फिरणे शक्य होते. पण रिकाम्या हातांनी वरसईस परतण्यापेक्षा पुढे जाणे त्यांना बरे वाटले.

३/
यज्ञ राहिला बाजूला. भटजी झाशीस पोहोचले आणि १८५८च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने शहरास वेढा घातला, तेव्हा ते आतच होते. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. पुढील कत्तल, आगी, घरोघरची लूट आणि राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाश यांचे त्यांनी केलेले वर्णन इंग्रज अधिकाऱ्यांच्या आठवणींत सापडत नाही. ते तोफेच्या मागून पाहत नव्हते. जीव मुठीत धरून लपलेल्या माणसाच्या जागेवरून पाहत होते.

४/
काल्पीच्या वाटेवरील प्रसंग तर सर्वपरिचित आहे. पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई एका विहिरीपाशी येते. भटजी पाणी काढून देण्यास पुढे होतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये, असे म्हणून ती स्वतःच पाणी काढते. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जून १८५८मध्ये, ग्वाल्हेरपाशी तिला वीरमरण आले. कोणत्याही सरकारी दप्तरात या विहिरीची नोंद होणार नव्हती.

५/
मिळवलेली दक्षिणा वाटेत पुन्हा पुन्हा लुटली गेली. अखेर भटजी वरसईस परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कर्ज फेडण्यास निघालेल्या मुलाने घरी आणलेले धन ते एवढेच. आजच्या भाषेत बोलायचे तर प्रवासाची ‘आठवण’ म्हणून आणलेली ती वस्तू होती. पण कावडीतले पाणी संपते. पुढे काय उरले, हा खरा प्रश्न आहे.

६/
लेखन झाले १८८३च्या सुमारास, म्हणजे झाशीनंतर सुमारे पाव शतकाने. आग्रह चिंतामण विनायक वैद्य यांचा. वैद्य कुटुंब हे गोडसे यांचे यजमान. इंग्रज सरकारच्या भयाने भटजींनी अट घातली, की आपल्या हयातीत हे छापू नये. वैद्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले ते १९०७ साली. एका यजमानाने आग्रह धरला नसता तर झाशीच्या रस्त्यांवरील ती साक्ष वरसईतच विरून गेली असती.

७/
‘मराठीतील आरंभीचे प्रवासवर्णन’ म्हणून या पुस्तकाचा गौरव होतो, तो योग्यच आहे. परंतु ही प्रवासात लिहिलेली रोजनिशी नव्हे. हे साठीकडे झुकलेल्या माणसाने आपल्या तिशीचे केलेले स्मरण आहे. त्यामुळे तारखा व घटनांचा क्रम यांत चुका आहेत आणि अभ्यासकांनी त्या दाखवूनही दिल्या आहेत. पुस्तकाचे मोल त्याने उणावत नाही. मात्र स्मरणाला वेळीच कागदाचा आधार मिळाला नाही की काय होते, हे त्यातून दिसते.

८/
येथे न्यायाने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १८५७–५८ साली नानासाहेबांच्या जातीचा, दक्षिणी बोली बोलणारा माणूस मध्य हिंदुस्थानात हिंडत असताना त्याच्या पडशीत लिहिलेले कागद सापडणे हे जिवावरचे संकट ठरू शकले असते. गोडसे यांच्याजवळ रोजनिशी नव्हती, हा आळसाचा दोष मानता येत नाही. आजच्या प्रवाशापाशी मात्र ही सबब नाही.

९/
आता रोह्याकडे वळू. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्रास मिळते. त्याच मुखाजवळचे चौल हे बहमनी काळात मोठे बंदर होते. १४७०च्या सुमारास तेथे एक रशियन व्यापारी उतरला : त्वेर शहराचा अफनासी निकितीन. सोबत विकण्यासाठी आणलेला एक घोडा. त्यावर १०० रूबल खर्च झाल्याचेही त्याने लिहून ठेवले आहे.

१०/
निकितीनने चौलचे लोक पाहिले, लोकांनी त्याला पाहिले. गोरा माणूस बघायला आपल्यामागे गर्दी होते, असे तो नोंदवतो. जुन्नरास तेथील खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतराची अट घातली. घोडा पुढे परत मिळाला. बिदरपर्यंत फिरून तो मायदेशी निघाला, पण स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच मरण पावला. वह्या मात्र पोहोचल्या. १४७५ साली त्या मॉस्कोत आल्या आणि तेथील बखरींत उतरवल्या गेल्या.

११/
एकाच जिल्ह्याशी जोडलेले हे दोन प्रवासी. एकाची वही घरी पोहोचली, माणूस पोहोचला नाही. दुसरा माणूस घरी पोहोचला आणि त्याची वही पाव शतकाने जन्मली. निकितीनचे लेखन तुटक, खरखरीत आहे. पण त्यात भाव, अंतरे, मुक्काम आहेत. गोडसे यांचे लेखन ओघवते, कथेसारखे आहे. पण त्यात दिवस निसटतात. इतिहासाला दोन्ही हवेत. घरच्या प्रवासालाही दोन्ही हवेत : वाटेवरची कोरडी टिपणे आणि नंतरचे सावकाश लेखन.

१२/
निकितीनचा प्रामाणिकपणा विशेष पाहण्यासारखा आहे. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तके नेली, त्यामुळे सणांचे गणित चुकले. ईस्टर कधी आले हे आपल्याला नक्की ठाऊक नाही, अंदाजाने पाळतो, असे तो उघड सांगतो. अनिश्चित गोष्ट अनिश्चित म्हणून लिहिणे ही इतिहासाची पहिली शिस्त. गोडसे यांच्या पुस्तकात शिपायांकडून ऐकलेली इंग्रजांच्या ८४ कलमांची कथा आहे. ती घडलेली गोष्ट म्हणून नव्हे, तर त्या वेळी लोक काय ऐकत व मानत होते याचा पुरावा म्हणून अमोल आहे.

१३/
मग कोणी म्हणेल, कॅमेरा आला आणि हा प्रश्न मिटला. मिटला नाही. १८५८ साली फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार लखनौस पोहोचला. त्याच्या सिकंदर बागेच्या प्रसिद्ध छायाचित्रात अंगणभर सांगाडे दिसतात. पण तेथील लढाई नोव्हेंबर १८५७ची, त्याच्या आगमनाच्या कित्येक महिने आधीची. ती हाडे छायाचित्रासाठी मांडली गेली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. छायाचित्रही कोणीतरी ‘सांगितलेले’ असते. कोणी, केव्हा, कशासाठी हे शब्दांतच लिहावे लागते.

१४/
घराण्याच्या प्रवासांची नोंद ठेवण्याची एक देशी रीत कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीची आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील तीर्थोपाध्यायांच्या जुन्या वह्या उघडाव्यात. यात्रेकरू आपल्या हस्ताक्षरात नाव, गाव, कूळ, सोबत कोण, कोणत्या निमित्ताने आलो हे लिहून जात असे. पुढच्या पिढीने येऊन त्याच पानाखाली आपला लेख करावा, ही परंपरा. एकेका कुटुंबाच्या अनेक पिढ्यांचा हा अल्बमच. फक्त तो घरी नसतो, तीर्थावर असतो.

१५/
त्या वह्यांची मर्यादाही पाहावी. नावे बहुधा पुरुषांची. बायका ‘सोबत’ असतात. ‘माझा प्रवास’लाही हीच मर्यादा आहे. भिक्षुकाला वाटेत जातभाईंकडे पान व पथारी मिळे, म्हणून तो प्रवास शक्य झाला. ओझेवाल्याने, मोलकरणीने, बैलगाडी हाकणाऱ्याने त्याच रस्त्यावर काय पाहिले ते कोणी लिहिले नाही. म्हणून आज घरच्या सहलीची वही फक्त मिळवत्या माणसाने लिहू नये. आजीने, स्वयंपाक सांभाळणाऱ्या काकूने, गाडीच्या चालकाने सांगितलेले त्यांच्याच शब्दांत त्यात यावे.

१६/
आणखी एक धडा संपादनाचा. १९०७ची आवृत्ती काढताना वैद्यांनी भाषा बदलली, काही मजकूर गाळला. हेतू चांगला होता आणि काळही कठीण होता. पण मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदार मूळ पाठ वाचकांपुढे ठेवू शकले. सुधारलेली प्रत काढण्यास हरकत नाही; मूळ नष्ट करण्यास आहे. रंग उजळलेले, माणसे कापून काढलेले छायाचित्र जपताना त्याचे मूळ पुसून टाकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

१७/
आक्षेप असा येतो, की सतत टिपत बसणारा माणूस प्रवास भोगतच नाही. आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो वहीपेक्षा फोनला अधिक लागू पडतो. रात्री मुक्कामी दहा ओळी लिहिणाऱ्याला दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात. अवचितगडाच्या माथ्यावरून कुंडलिकेचे खोरे पाहताना छायाचित्र निमिषात निघते. तेथे पोहोचेपर्यंत कोणत्या वाडीत पाणी मिळाले, वाट कोणी दाखवली, हे मात्र लिहिल्याखेरीज उरत नाही. दहा वर्षांनी दुर्मीळ ठरते ते नेमके हेच.

१८/
वहीत काय असावे? तारीख, वार, निघण्याची व पोहोचण्याची वेळ. गाडीभाडे, जेवणाचा दर, मुक्कामाची जागा. भेटलेल्या माणसांचे व्यवसाय. ऐकलेल्या दंतकथा, पण ‘अमक्याने सांगितले’ असे म्हणून. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे. शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह. गावाचे नाव तेथील माणूस उच्चारतो तसे. अलंकारिक वर्णन नसले तरी चालेल; सूर्यास्त सर्वत्र सारखाच लिहिला जातो, एस.टी.चे भाडे मात्र पुन्हा सापडत नाही.

१९/
चिकटवहीसाठी : तिकिटे, देवस्थानच्या पावत्या, हाताने काढलेला वाटेचा नकाशा. हल्लीच्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्यांवरील अक्षरे उष्णतेने उमटवलेली असतात; ती काही वर्षांत उडून जातात. त्यांची प्रत काढून किंवा मजकूर हाताने उतरवून ठेवावा. सेलोटेप वापरू नये. ती पिवळी पडते आणि कागदावर डाग सोडते.

२०/
अल्बमसाठी : कोकणातील पावसाळी दमट हवा, बुरशी आणि कसर हे तीन शत्रू. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधील गोंद छायाचित्रांना अपाय करतो. ती हलक्या हाताने सुटत असतील तर काढावीत. न सुटल्यास ओढू नयेत, पानासकट छायाचित्र घ्यावे. मागे मऊ पेन्सिलीने नावे, स्थळ, वर्ष लिहावे. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो. कपाट बाहेरच्या भिंतीस टेकवू नये.

२१/
फोनसाठी : छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ आणि बहुधा स्थळही आपोआप नोंदलेले असते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या चित्रातून ही माहिती गळते व चित्राचा दर्जाही उतरतो. म्हणून कुटुंबाच्या गटात आलेली प्रत ही ‘मूळ’ नव्हे. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवावी, आणि वर्षाकाठी वीसपंचवीस निवडक चित्रे कागदावर छापून त्यामागे नावे लिहावीत.

२२/
पेण-रोह्याकडील जुनी घरे पाडली जातात, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका रद्दीवाल्याकडे जातात. त्यांत मोडी कागद असतात, तसेच नावे नसलेले अल्बमही असतात. मोडी निदान शिकून वाचता येते. नाव नसलेला चेहरा कोणालाच वाचता येत नाही. तो ओळखणारे माणूस घरात आहे तोवरच ते काम होऊ शकते.

२३/
वैद्यांनी गोडसे भटजींकडे जे मागितले तेच प्रत्येक तरुण इतिहासप्रेमीने आपल्या घरी मागावे : बसा आणि सांगा. गणपतीच्या दिवसांत घर भरलेले असताना एक दुपार, एक जुना अल्बम, एक मऊ पेन्सिल पुरेशी आहे. पहिल्या छायाचित्रामागे लिहायच्या गोष्टी तीनच : कोण, कुठे, केव्हा. चौथी, ‘कशासाठी निघालो होतो’, ही सांगणाऱ्याला आठवू लागली, की वही जवळ घ्यावी.