औषधाआधी आपुलकी

सिकलसेल हा रक्तविकार सातपुड्यातील भिल्ल, पावरा बांधवांना छळतो, तसाच तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनाही छळतो. तेथे या विकाराच्या वेदनांनी तळमळणाऱ्या रुग्णाकडे पुष्कळदा नशेबाज म्हणून संशयाने पाहिले जाते. अलाबामातील टस्कीगी येथे तर १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षे उपदंशाच्या शेकडो कृष्णवर्णीय रुग्णांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, केवळ निरीक्षणासाठी उपचारांविना ठेवण्यात आले. त्या समाजातील अनेकजण आपल्याच वर्णाचा डॉक्टर शोधतात, यात नवल ते काय?

२०११च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील रुग्ण आधी भगताकडे गेला, की त्याला अडाणी ठरविणे सोपे असते. पण भगत त्याच्या बोलीत बोलतो, त्याला आपला मानतो. दवाखान्यात न कळणारी भाषा आणि अवहेलना वाट्याला आली, तर तो पुन्हा येईल कसा? मात्र रक्त तपासल्याविना सिकलसेलचे निदान होत नाही आणि विलंब प्राणांवर बेतू शकतो. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. भिली, पावरी जाणणारे डॉक्टर तेथून घडावेत आणि पाड्यापर्यंत पोहोचावेत. रुग्णाचा सन्मान हा उपकार नव्हे, उपचाराचाच पहिला भाग आहे.